दारावरच्या नऊ थापा

एका राज्यात उत्तरेच्या सीमेवर बारा टेकड्या होत्या, आणि बारा टेकड्यांवर बारा सरदारांच्या बारा गढ्या होत्या. या गढ्या राजवाड्यासारख्या ऐसपैस नव्हत्या. चौकोनी, उंच, जाड भिंतींच्या, मनोऱ्यासारख्या उभ्या. तळमजल्याला खिडकी म्हणून नाही. तिथे धान्याची कोठारं आणि विहीर. मधल्या मजल्यावर राहायची खोली, तिला बाण मारण्यापुरत्या फटी. आणि सगळ्यात वर लाकडी खांबांचा उघडा सज्जा. नदीपलीकडून लुटारू निघाले, की पहिल्या गढीचा सरदार सज्ज्यात ओला पाला पेटवी. तो धूर पाहून दुसरा पेटवी, दुसऱ्याचा पाहून तिसरा. बाराव्या गढीचा धूर राजधानीत दिसे आणि राजाची फौज निघे. फौजेला पोहोचायला दोन दिवस लागत. तोवर गावाने गढीत शिरायचं, शेवटचं माणूस आत आलं की सरदाराने दार लावायचं, असा दंडक होता.

सातवी गढी सरदार अरिंजयाची. त्याची बायको सुवेला, आणि सहा वर्षांची मुलगी कणिका.

अरिंजय रणात मागे हटलेला कोणी पाहिला नव्हता. पण मुलगी झाल्यापासून त्याच्या मनात काहीतरी फिरलं होतं. दाराला त्याने लोखंडाचे खिळे वाढवले, अडसर दुप्पट जाड करून घेतला, आणि रोज तीनतीनदा तो हलवून पाहू लागला. सुवेला हसे. मग मग तीही हलवून पाहू लागली.

सुगीच्या दिवसांत एका दुपारी धूर उठला. गाव टेकडी चढून धावत आलं. सुवेला दाराशी उभी राहून एकेकाला आत घेत होती. नऊ माणसं अजून चढणीवर होती, तोच नदीच्या बाजूला धूळ दिसली.

"दार लावा," अरिंजय म्हणाला.

"अजून नऊ जण आहेत."

"सुवेला, धूळ बघ. आणि कणिका कुठे आहे ते बघ."

कणिका जिन्यावर उभी होती. सुवेलाने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून अडसर खाली सोडला.

मग दारावर थापा पडल्या. एक, दोन, तीन, अशा नऊ जणांच्या थापा. "बाईसाहेब, दार उघडा!" सुवेलाचा हात अडसरावरच होता. लाकूड तिच्या तळव्याखाली थरथरत होतं. तिने अडसर उचलला नाही. मग घोड्यांच्या टापा आल्या, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

फौज येऊन लुटारूंना हाकलून गेली. लोक आपापल्या घरी परतले. ती नऊ माणसं मात्र लुटारूंनी नदीपार नेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सुवेला टोपलीत भाकरी घेऊन गावात उतरली. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारांत ती टोपली घेऊन उभी राहिली. कोणी भाकरी घेतली नाही. ती तशीच परत फिरली, आणि वर येऊन पाहते तो गढीला दार नव्हतं.

दाराच्या जागी दगड होता. सज्ज्याच्या कमानीही दगडाने बुजलेल्या. गढीच्या माथ्यावर एका करकोच्याचं जुनं घरटं होतं. करकोचा काठावर एका पायावर उभा होता.

"काय झालं इथे?" सुवेलाने विचारलं.

"शैलक आला होता," करकोचा म्हणाला. "ही गढी ज्याने बांधली तो मांत्रिक पाथरवट. त्या नऊ जणांत त्याची मुलगी चिमा होती. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, ज्या भिंतीआड लपलात ती भिंत तुम्हाला सोडणार नाही. रोज सूर्योदयाला चारी भिंती वीतवीत आत सरकतील."

"आत कोण आहे?"

"तुझा नवरा आणि तुझी मुलगी. खोली वीस हात आहे. वीस दिवस पुरेल."

मधल्या मजल्याची एक फट उघडी राहिली होती. सुवेला सरपणाच्या ढिगावर चढली. फटीतून एक छोटा हात कोपरापर्यंत बाहेर आला.

"आई, भिंत चालते," कणिका म्हणाली.

सुवेलाने तो हात दोन्ही हातांत धरला. आतून अरिंजयाचा आवाज आला, कोरडा आणि हलका. "धान्य आहे, पाणी आहे. जागा नाही. शैलकाला शोध. त्याला सांग, दोष माझा एकट्याचा."

"तो एकट्याचा नाही," सुवेला म्हणाली, आणि ढिगावरून उतरून चालू लागली.

शापाच्या तिसऱ्या दिवशी ती दक्षिणेच्या खाणीत, शैलक दगड काढी तिथे, पोहोचली. शैलक एका अर्धवट घडवलेल्या पायरीवर बसला होता. दगडाची पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर साचली होती.

"बाईसाहेब उशिरा आल्या," तो म्हणाला.

"शाप मागे घ्या. माझी मुलगी सहा वर्षांची आहे."

"माझी एकोणीस वर्षांची आहे. दगडाला दिलेला शब्द तोंडाने परत घेता येत नाही. पण दगड कापता येतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतील. तिसऱ्या गढीतल्या इरावतीचा निखारा, त्याने मी दाराची रेघ आखीन. नवव्या गढीच्या खजिन्यात पडलेली माझ्या बापाची छिन्नी, तिने मी रेघ कापीन. आणि नदीपारच्या लुटारूंचा म्होरक्या उग्रक, त्याच्या गढीतून माझी चिमा, आणि तिच्याबरोबरचे सगळे."

"तुम्ही स्वतः का गेला नाहीत?"

"उग्रकाची गढीही माझ्याच हातची आहे. ते दार आपल्या कारागिराला ओळखतं आणि त्याला उघडत नाही. तसंच बांधून घेतलं त्याने. कोणावर विश्वास नाही त्याचा."

सुवेला निघाली. रोज दुपारी करकोचा उडत येई, थोडा वेळ तिच्याबरोबर चाले आणि मोजमाप सांगे. तिने विचारायच्या आधीच सांगे.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, "आज हात मनगटाच्या वरपर्यंत आला."

तिसऱ्या गढीच्या सज्ज्यात इरावती बसली होती. फार वृद्ध सरदारीण. तिचे डोळे ताकासारखे फिके झाले होते आणि ते क्षितिजावरून हलत नव्हते.

"तीस वर्षांपूर्वी एकदा मी मान वळवली," ती सुवेलाकडे न पाहता म्हणाली. "तेवढ्यात धूर उठला आणि विरला. तीन गावं जळाली. तेव्हापासून मी मान वळवलेली नाही. निखारा हवा तर एक दिवस माझ्या जागी बस. उगवतीपासून मावळतीपर्यंत. नजर हलली तर निखाऱ्याची राख होईल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुवेला बसली. म्हातारी तिथेच भुईवर आडवी झाली आणि क्षणात झोपली. सकाळ बरी गेली. उन्हं चढली तसे डोळे जळू लागले, पाणी गालांवरून वाहून वाळलं. दुपारी पाठीमागे, अगदी कानाजवळ, आवाज आला.

"आई, मी सुटले. मागे बघ ना."

सुवेलाची मान ताठ झाली. आवाज कणिकेचाच होता. बोलताना मध्येच श्वास घ्यायची तिची सवयही त्यात होती.

"आई, तू रागावलीस का? मला बघत का नाहीस?"

सुवेलाने नखं तळहातात रुतवली. मुलगी सुटली असेल तर ती थांबेल. सुटली नसेल तर हा निखारा हवा. ती हेच मनाशी म्हणत राहिली, आणि आवाज रडत राहिला. सूर्य बुडाला तेव्हा तो थांबला.

इरावती उठली. "मागे कोणी नव्हतं," ती म्हणाली. "तो वारा आहे. मला माझ्या आईच्या आवाजात हाका मारतो." तिने मातीच्या बोळक्यात निखारा घालून दिला. "याचा धूर बाराही गढ्यांना एकाच वेळी दिसतो. जपून वापर." आणि ती पुन्हा आपल्या जागी बसली. तिचा चेहरा मात्र झोपेने थोडा उजळला होता.

दहाव्या दिवशी सुवेला नवव्या गढीशी आली. तिथे कोणी राहत नव्हतं. सरदार कधीच मरून गेला होता आणि त्याचा खजिना तेवढा उरला होता. एक दोरशिडी वरून आपोआप खाली आली. शिडीच्या पहिल्या पायरीने विचारलं, "काय न्यायला आलीस?"

"एक छिन्नी."

"एकच ने. दुसऱ्या कशाला हात लावलास, तर तुझे दिवस इथेच खर्च होतील."

वर सोन्याच्या राशी होत्या. सुवेलाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. छिन्नी एका कोपऱ्यात होती, गंजलेली, मुठीला कातडं गुंडाळलेली. ती उचलून वळली तोच तिला एक शंख दिसला. पांढरा, लहान. तो म्हणाला, "मला कानाला लाव. ज्याची काळजी वाटते त्याचा श्वास माझ्यात ऐकू येतो."

सुवेला थबकली. करकोचा त्या दिवशी आला नव्हता. आदल्या दिवशी त्याने सांगितलं होतं, "आज कणिका बोलली नाही." हे वाक्य रात्रभर तिच्या छातीत रुतून बसलं होतं. जायला हवं हे तिला कळत होतं. तिचा हात पुढे गेला तेही तिला कळत होतं.

तिने शंख कानाला लावला. आत श्वास होता. लहान, उथळ, घाईचा, पण होता. त्याच्यामागे एक जाड श्वास, अरिंजयाचा, मुलीच्या श्वासाला लय द्यावी तसा सावकाश. ती ऐकत राहिली. क्षणभरच, असं तिला वाटलं.

शंख खाली ठेवून ती शिडी उतरली. खाली करकोचा उभा होता.

"तीन दिवस मी इथे उभा आहे," तो म्हणाला. "आज तेरावा. आता फक्त चार बोटं बाहेर येतात."

सुवेलाला रडूही आलं नाही. ती धावू लागली.

सोळाव्या दिवशी ती नदीपार उग्रकाच्या गढीपाशी पोहोचली. सगळ्या गढ्यांत ती उंच, आणि तिची भिंत सगळ्यांत जाड. हातात शस्त्र नसताना सुवेला दारावर थापा मारू लागली. मग वरून एक मोठ्या डोक्याचा, घाबऱ्या डोळ्यांचा माणूस डोकावला. तोच उग्रक.

"कोण आहे? किती जण आहेत?"

"मी एकटी. सातव्या गढीची सुवेला. तुम्ही धरून आणलेली माणसं न्यायला आले आहे."

"तुम्ही त्यांना बाहेर ठेवलंत. म्हणून मला मिळाली."

"होय," सुवेला म्हणाली. तिने बोळक्यावरचं झाकण काढलं. "हा इरावतीचा निखारा. यावर ओला पाला टाकला तर बाराही गढ्यांना तुमचा ठिकाणा कळेल. आजवर तो एकाही सरदाराला माहीत नाही."

उग्रकाचा चेहरा पांढरा पडला. "दार उघडतो. पण ते शंभर श्वास उघडं राहतं, मग आपोआप मिटतं. मलाही थांबवता येत नाही. तेवढ्यात जितके निघतील तितके ने, आणि धूर करू नकोस."

"शब्द दिला."

दार उघडलं. सुवेलाने आत तोंड घालून हाक मारली आणि श्वास मोजायला सुरुवात केली. अरुंद जिन्यावर पावलं वाजली. आधी तिघे तरुण गुराखी आले. मग दोघी बहिणी, हात धरून. मग चिमा, हातांना दगडाच्या जखमा असलेली. मग हैबती कोष्टी. सात झाले. श्वास सत्तर झाले.

"आणखी कोण आहे?"

"येसू आजी," चिमा म्हणाली. "तिचे गुडघे धरलेत. बसून उतरते आहे."

"आणि?"

हैबतीने तिच्याकडे पाहिलं. "माझी बायको मैना वाटेतच गेली," तो म्हणाला. "आता आठच."

जिन्यावर वरच्या अंधारात म्हातारी एक पायरी उतरत होती, थांबत होती, पुढची उतरत होती. ऐंशी. नव्वद. गुराखी परत आत धावू लागले, पण एकदा बाहेर पडलेल्याला ते दार पुन्हा आत घेत नसे. त्यांना उंबरठा ओलांडता येईना. शंभर झाले. दार मिटू लागलं.

सुवेलाने खांदा लावला. दार थांबलं नाही. तिचे पाय मातीत घसरत गेले. दुसरं काही हाताशी नव्हतं. तिने कमरेची छिन्नी काढली आणि दार व चौकट यांच्यात ठोकून बसवली. दार करकरलं आणि थांबलं. येसू आजीला अजून पाच पायऱ्या होत्या. चार. छिन्नी वाकू लागली. कणिकेला सोडवायची ती एकच छिन्नी होती. आत्ता ओढून काढली तर वाचली असती. सुवेलाने ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"आजी, या. घाई करू नका. मी धरलं आहे."

म्हातारीचं दुसरं पाऊल बाहेर पडलं आणि छिन्नी मधोमध तुटली. दार धाडकन मिटलं. अर्धा तुकडा आत राहिला, अर्धा सुवेलाच्या हातात.

परतीला चार दिवस लागले. गुराख्यांनी आजीला आळीपाळीने पाठीवर घेतलं. सुवेला पुढे चाले, थांबे, मागे पाही, पुन्हा चाले. हैबती तिच्याशी एक शब्द बोलला नाही. अठराव्या दिवशी करकोचा म्हणाला, "दोन बोटं." एकोणिसाव्या दिवशी म्हणाला, "एक." विसाव्या दिवशी तो आला आणि काहीच म्हणाला नाही.

उन्हं कलली तेव्हा ते सातव्या गढीशी पोहोचले. चिमा येते आहे हे करकोच्याने शैलकाला सांगितलं होतं, त्यामुळे तो आधीच येऊन उभा होता. त्याने मुलीला जवळ घेतलं, तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले, आणि मग सुवेलापुढे हात केला. तिने निखारा दिला. अर्धी छिन्नी दिली.

"ही तुटली."

"कशाने?"

"येसू आजीला वेळ लागला."

शैलक भिंतीकडे वळला. त्याने निखाऱ्याने दगडावर दाराची रेघ आखली, अर्ध्या छिन्नीने ती कापली. दगडात दाराचा आकार उमटला. पण दगड जागचा हलला नाही.

"अर्ध्या छिन्नीने एवढंच होतं," तो म्हणाला. "पुढचं माझ्या हातात नाही. ज्या थापा या दाराने ऐकल्या नाहीत, त्या नऊच्या नऊ त्याला पुन्हा ऐकवाव्या लागतील. आणि मारणाऱ्याच्या मनात असेल तरच त्या लागू पडतील."

"नववी थाप मैनेची, आणि ती तर नाही," चिमा हलकेच म्हणाली.

तिघा गुराख्यांनी थापा मारल्या. दोघी बहिणींनी मारल्या. चिमाने बापाकडे पाहून मारली. येसू आजीने दोघांच्या आधाराने उभं राहून मारली. सात झाल्या. हैबती दूर, चढणीच्या दगडावर बसला होता.

सुवेला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सूर्य टेकडीला टेकत होता.

"बाईसाहेब, त्या दिवशी आमच्या थापा ऐकल्यात?" त्याने विचारलं.

"ऐकल्या."

"कुठे होतात?"

"दाराशीच. हात अडसरावर होता."

"मग?"

"उचलला नाही. सरदारांनी सांगितलं म्हणून नाही. मीच उचलला नाही."

हैबती तिच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं ती रडेल, पाया पडेल. ती तशीच उभी राहिली, आणि तिचे ओठ वाळलेले होते. भिंतीच्या फटीतून एक बोटही दिसत नव्हतं.

"मैनेला पोर हवं होतं," तो अखेर म्हणाला. मग उठला. दाराशी गेला. उजव्या हाताने एक थाप मारली. थोडा थांबला, आणि डाव्या हाताने दुसरी मारली. "ही तिची," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही. आतल्या पोरीसाठी."

नववी थाप दगडात शिरली तशी भिंत खालपासून वरपर्यंत हादरली. कापलेला दगड बाहेर कोसळला. वरच्या सज्ज्याच्या कमानी एकामागून एक उघडल्या. आत भिंती मागे सरकल्याचा आवाज आला, जड गाडी उतारावरून मागे घ्यावी तसा. सुवेला आत धावली. मधल्या खोलीत अरिंजय पाठीची कमान करून भिंतीला टेकलेला होता. त्याचे केस पांढरे झाले होते. त्याच्या पोटाशी, त्याच्या हातांच्या कोंदणात, कणिका होती. तिने डोळे उघडले.

"आई, बाबांनी भिंत धरली होती," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता.

अरिंजय बाहेर आला. त्याने आपली तलवार हैबतीच्या पायांशी ठेवली. हैबतीने ती उचलली नाही, लाथाडलीही नाही. ओलांडून तो गावाकडे उतरून गेला.

हा वृत्तांत राजाच्या कानी गेला. त्याने अरिंजयाची सरदारी ठेवली, पण सातव्या गढीचा अडसर त्याच्या हातून काढून घेतला. अडसर कोणाच्या हाती द्यायचा ते गावाने ठरवावं, आणि सरदाराच्या कुटुंबाने गढीत सर्वांत शेवटी पाऊल टाकावं, असा नवा दंडक झाला. शैलकाने नवं दार बसवलं. गावाने अडसर हैबतीकडे दिला. तो नको म्हणत होता, येसू आजी म्हणाली, "तुझ्याशिवाय कोणाला द्यायचा?" तेव्हा त्याने घेतला.

पुढच्या सुगीला पुन्हा धूर उठला. गाव टेकडी चढून आलं. सुवेला बाहेर उंबरठ्याशी उभी होती, कणिकेचा हात हातात, शेजारी अरिंजय. नदीच्या बाजूला धूळ दिसत होती. एकेक माणूस तिच्यासमोरून आत जात होतं. धूळ जवळ आली. येसू आजीला पाठीवर घेऊन शेवटचा गुराखी आत गेला. चढण मोकळी झाली.

हैबती दारात उभा होता. त्याने चढणीवर दूरवर नजर टाकली, एकदा, पुन्हा एकदा. मग बाजूला सरला.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "आता तुम्ही या."

ते तिघे आत गेले, आणि हैबतीने अडसर खाली सोडला.

ज्यांनी ही गोष्ट ऐकली, त्यांची दारं वेळेवर उघडोत आणि वेळेवर मिटोत.